देवापुढच्या तीन पुड्या

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत विनुताला एका कागदावर एक टिक करायची होती. तीन चौकोन, एक टिक. तेवढ्यासाठी तंजावूरच्या मेल वीथी नावाच्या रस्त्यावरच्या त्या घरात तीन दिवस रसम गार होत होतं आणि माणसं गरम होत होती.

विनुता एका खासगी हॉस्पिटलात चौकशीच्या काउंटरवर नऊ वर्षं उभी होती. उभीच, कारण काउंटर उंच आणि खुर्ची बुटकी. यंदा हॉस्पिटलनं जाहीर केलं की प्रत्येक कर्मचाऱ्याला एक कोर्स करता येईल, फी हॉस्पिटल भरेल, आणि प्रमाणपत्र हाती आलं की त्याप्रमाणे नवी जागा मिळेल. एकच कोर्स, एकदाच. कागदावर तीन नावं होती. पहिलं, हॉस्पिटलच्या गुणवत्तेचं ऑडिट. दुसरं, मेडिकल कोडिंग, म्हणजे परदेशातल्या रोग्यांच्या आजारांना विम्यासाठी आकडे लावण्याचं काम. तिसरं, मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेतला दुभाषी.

"ऑडिट," अप्पा म्हणाले. विनुताचे वडील, गोपालकृष्ण राव, ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. त्या चौतीस वर्षांत त्यांचं टेबल व्हरांड्यात होतं. वारा आला की फायली उडत आणि अप्पा फायलींच्या मागे. "ऑडिटरला केबिन असते. दार असतं. दाराला नाव असतं. लोक दार वाजवून आत येतात, कण्णा, पोरी."

"दार वाजवतात म्हणे! आणि तिच्या पायांचं काय?" वेंकूबाई स्वयंपाकघरातून बोलल्या. वेंकूबाई अप्पांची थोरली बहीण, विनुताची आत्या. विनुताची आई गेल्यापासून घराचं सुकाणू आणि सांबाराचा डाव दोन्ही तिच्याच हातात. "ऑडिट म्हणजे पाच मजले फिरायचे, वही घेऊन. कोडिंग करू दे तिला. घरात बसून, फॅनखाली, पाय वर घेऊन. खालच्या मजल्यावरची मुलगी करते की. तिचे पाय बघ, कसे केळीच्या गाभ्यासारखे आहेत. आणि हिचे बघ!"

"अक्का, पाय बघून कुणी नोकरी ठरवतं का?"

"मग काय दार बघून ठरवतात?"

विनुता ताटातल्या भातात बोट फिरवत राहिली. तिला तिसरं पाहिजे होतं. ते तिनं एकदाच सांगितलं, मंगळवारी, हळू आवाजात. अप्पा "चांगलं आहे, चांगलं आहे" म्हणाले आणि लगेच ऑडिटकडे वळले. आत्या म्हणाली, "त्यातही उभंच राहायचं असणार," आणि ताक वाढायला उठली.

खुणा विनुताला लहानपणापासून येत होत्या. शाळेची बस जिथं थांबे तिथं, वीथीच्या कोपऱ्यावर, सरस्वती फुलं विकायला बसे. सरस्वतीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बस नेहमी उशिरा येई, आणि त्या उशिराच्या सगळ्या वेळेत विनुता सरस्वतीकडून शिकत गेली. पाऊस कसा सांगायचा, खोटं बोलणारा माणूस कसा दाखवायचा, महागाई कशी, नवरा कसा. सरस्वतीनं तिचं नावही ठेवलं होतं, दोन मुठी कानांशी, कारण तेव्हा विनुताच्या दोन वेण्यांना रिबिनींची फुलं असत. विनुता आता एकतीस वर्षांची होती, केस खांद्यापर्यंत कापलेले होते, पण सरस्वतीच्या हातात तिच्या रिबिनी अजून बांधलेल्या होत्या.

काउंटरवर ही विद्या कामी येई. पण ती कोपऱ्यावरची विद्या होती. जानेवारीत तिरुवैयारूहून एक तरुण जोडपं आलं होतं. दोघं बधिर, दोघं शिकलेली, बायकोचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाल्या, "सकाळी सहानंतर पाणीसुद्धा नाही." विनुतानं सांगितलं. नवऱ्यानं मान हलवली. मग त्यानं भराभर काहीतरी विचारलं, शाळेत शिकवतात त्या नेमक्या खुणांनी, आणि त्यातलं निम्मं विनुताला कळलंच नाही. तिनं कागद पुढे केला, त्यानं लिहिलं, सगळं नीट पार पडलं. पण त्या जोडप्याच्या तोंडावर आधी जो आनंद उमटला होता, इथं आपलं बोलणं कळणारं कुणी आहे हा, तो कागद पुढे येताच विझला. विनुताला तो विझताना दिसला. त्या दिवसापासून ती न्हाणीघरातल्या छोट्या आरशापुढे हात हलवू लागली. मोबाइलवर पाहून, कोपरं भिंतीला आपटत.

गुरुवारी सकाळी भांडण अशा ठिकाणी आलं की अप्पांनी कॉफी अर्धी ठेवली. तंजावूरात अर्धी कॉफी ठेवणं म्हणजे माणूस फार दुखावला असं समजतात. वेंकूबाईंनी तो पेला पाहिला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरी, ठीक. पुड्या ठेवू."

पुड्या ठेवायच्या म्हणजे देवाला विचारायचं. तमिळ शेजाऱ्यांकडे देवळात करतात तसं, पण या घराची रीत थोडी निराळी होती. ज्याचं ज्याचं मत असेल त्यानं आपापलं फूल आपणच आणायचं, आपल्या हातानं केळीच्या पानात बांधायचं, आणि पुडी देव्हाऱ्यात ठेवायची. एकानं दुसऱ्याची पुडी बघायची नाही. मग ज्याचं त्यात काही नाही अशा हातानं एक पुडी उचलायची. अप्पांचं लग्न असंच ठरलं होतं. घराचा हिरवा रंगही असाच ठरला होता, आणि तो वीस वर्षं कुणालाच आवडला नव्हता, पण देवाला कोण बोलणार?

देव म्हणजे चांदीचे पाच टाक. पूर्वजांनी कधी काळी महाराष्ट्रातून घोड्यावरून आणलेले, पुसून पुसून इतके गुळगुळीत झालेले की खंडोबा कुठला आणि भैरोबा कुठला यावरही अप्पांचं आणि आत्याचं जमत नसे.

"लाल कण्हेर माझी. ऑडिटची," अप्पा म्हणाले.

"पांढरी तगर कोडिंगची," आत्या म्हणाली. "आणि विनुता, तुझी काय गे?"

"पिवळी शेवंती," विनुता म्हणाली.

"आणि उचलायचं कुणी?"

वेंकूबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सरस्वतीला बोलवू! तिनं आपलं भांडण ऐकलेलं नाही. तिला ऐकूही येत नाही, सांगताही येत नाही. तिच्यापेक्षा निःपक्षपाती हात अख्ख्या तंजावूरात सापडेल का?"

संध्याकाळी कामावरून येताना विनुतानं सरस्वतीला सगळं समजावलं. तीन फुलं, तीन कोर्स, सकाळी आठ वाजता. सरस्वतीनं लक्षपूर्वक पाहिलं, आणि पिवळ्या फुलाशी येताच दोन्ही मुठी कानांशी नेऊन भुवया उंचावल्या, म्हणजे, हे तुझं? विनुतानं मान हलवली.

घरी आली तेव्हा अप्पा माळ्यावरून एक खोका काढून पुसत बसले होते. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्यांनी दिलेलं लाकडी कलमदान. ते अजून भेटीच्या चकचकीत कागदातच होतं. व्हरांड्यातलं टेबल होतं तोवर ते मिळालं नाही आणि केबिन कधी आली नाही. विनुताला पाहताच त्यांनी तो कागद नीट सारखा केला आणि "काही नाही, धूळ बसली होती" म्हणाले.

आतल्या खोलीत आत्या आपली जुनी लोखंडी ट्रंक ओढत होती, एकटी, दुखऱ्या गुडघ्यानं. खिडकीखालची, चांगल्या उजेडाची, वाऱ्याची जागा तिनं रिकामी केली होती. चाळीस वर्षं ती ट्रंक तिथं होती. "तुझ्या कामाला लागेल जागा," एवढंच म्हणाली आणि घाम पुसला.

विनुतानं हिशेब जुळवला. केबिनसाठी कलमदान. घरून काम करायला खिडकी. एकानं निवृत्तीची भेट जपून ठेवलेली, एकीनं चाळीस वर्षांची जागा सोडलेली. आणि आपण? आपण आरशापुढे हात हलवतो.

शुक्रवारी सकाळी ती उठली ते ठरवूनच. शेवंती घ्यायची नाही. पण मग लाल घ्यायची की पांढरी? अप्पांची बाजू घ्यायची की आत्याची? कोपऱ्यापर्यंत चालताना तिला तोडगा सुचला. आपल्या पुडीत लाल आणि पांढरं दोन्ही घालू. आपली पुडी निघाली तर त्या दोघांनी आपसांत मिटवावं. त्यात आपली शेवंती नसेल, एवढंच.

सूर्य नुकता वर आला होता. देवळाच्या शिखरावर ऊन होतं, वीथीवर अजून पाणी शिंपडून काढलेल्या कोलमांचा, त्या रांगोळ्यांचा, ओलावा होता. सरस्वतीची टोपली भरलेली होती, मल्ली, मरवा, तगर, कण्हेर, शेवंती. विनुतानं लाल फुलाकडे बोट दाखवलं, मग पांढऱ्याकडे.

सरस्वतीनं फुलं दिली नाहीत. ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. मग तिनं टोपलीवर ओलं फडकं टाकलं, मांडी सावरली आणि सांगायला सुरुवात केली.

दोन बोटं ओठांवर, मिशी. मग कोपरात अडकवलेली छत्री. म्हणजे अप्पा! अप्पा आले. अजून अंधुक होतं तेव्हा. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चोरासारखं. आणि सरस्वतीनं अप्पांचं चालणं असं करून दाखवलं, मान आखडून, डोळे फिरवत, की विनुताला हसू फुटलं. आणि मग अप्पांनी बोट दाखवलं. कुठं? सरस्वतीनं फडकं बाजूला केलं आणि शेवंतीवर बोट टेकवलं. पिवळी. एक.

लाल ना? विनुतानं खुणेनं विचारलं. लाल घेतलं असेल.

सरस्वतीनं ठामपणे नकारार्थी मान हलवली. पिवळी. आणि थांब, अजून संपलं नाही. तिनं दोन्ही नाकपुड्यांना बोट लावलं, दोन चमक्या. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकडं तोंड केलं. आत्या! आत्या आली, अप्पा गेल्यावर, दुसऱ्या गल्लीनं. तिनं काय घेतलं? सरस्वतीनं दोन्ही हात पसरले, जणू साऱ्या वीथीला साक्षीला बोलावत होती, आणि पुन्हा तेच पिवळं फूल उचललं. एक! एक फूल कोण विकत घेतं? आणि घरातल्या घरात दोघं एकमेकांपासून लपवून?

विनुता पदपथावरच बसली. सरस्वतीनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हसणं थांबवून हळूच विचारलं, मग तू लाल-पांढरं कशाला घेतेस गं?

विनुतानं सांगितलं. कलमदान सांगितलं, ट्रंक सांगितली. सरस्वतीला समजलं. तिनं विनुताच्या डोक्यावर एक हलकी टपली मारली आणि टोपलीतली सगळ्यांत मोठी शेवंती तिच्या ओंजळीत टाकली. पैसे घेतले नाहीत. मग एक बोट ओठांवर ठेवलं आणि डोळा मिचकावला. आठ वाजता येते.

आठ वाजता देव्हाऱ्यात समई होती, उदबत्ती होती, पितळी ताटात तीन हिरव्या पुड्या होत्या. अप्पा धोतर नेसून, कपाळाला गंध लावून, फार गंभीर उभे होते. आत्यानं नवं लुगडं नेसलं होतं आणि ती कुणाच्याच डोळ्यांना डोळा देत नव्हती. विनुतानं गाल आतून चावून धरले होते. त्या घरात तीन माणसं देवापुढे हात जोडून उभी होती, आणि तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं, निदान चेहऱ्यावर काही दिसू नये.

सरस्वती आली. पाय धुतले, कुंकू लावून घेतलं, ताटापुढे बसली. आणि मग तिनं जो वेळ लावला! पहिल्या पुडीवर हात नेला, थांबली, अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी धोतराचा सोगा सारखा केला. दुसऱ्या पुडीवर हात नेला, आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळे मिटले आणि ओठ भराभर हलवले. तिसऱ्यावर हात नेला, छताकडे पाहिलं, जणू आकाशवाणीची वाट बघत होती. शेवटी तिनं मधली पुडी उचलली, दोरा सोडला आणि पान उलगडलं.

पिवळी शेवंती.

"बघा!" अप्पा ओरडले. "बघा बघा! देवाच्याच मनात होतं. आपण कोण ठरवणारे?"

"खंडोबानंच दिली," आत्या डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "बाबा माझा. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस तू, आत्या? कोडिंग म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. पण देवानं दिल्यावर मी काय, नाही म्हणू?"

इतक्यात सरस्वतीनं दुसरी पुडी उचलली.

"अगं, नको नको!" आत्या पुढे धावली. "एकच उघडायची! हिला सांग कुणीतरी!" अप्पाही हात हलवू लागले. पण सरस्वतीला ऐकू येत नव्हतं, आणि आज तर तिला त्याचं मुळीच वाईट वाटत नव्हतं. तिनं दुसरी पुडी उलगडली. पिवळी शेवंती. तिसरी उलगडली. पिवळी शेवंती. तिन्ही फुलं तिनं ताटात ओळीनं मांडली आणि हात जोडून मागे सरकून बसली.

अप्पांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. आत्या वात सारखी करायला लागली, जी मुळातच सारखी होती.

"अक्का," अप्पा सावकाश म्हणाले, "तुझी तगर कुठे गेली?"

"आणि तुझी कण्हेर कुठे गेली रे? चालत गेली?"

"म्हणजे तू देवाला फसवलंस!"

"मी? मी एकटीनं? तू काय केलंस मग, गोपाळा? गंध लावून, धोतर नेसून!"

आणि मग आत्यालाच हसू आलं. तिचं हसणं पोटातून निघे, आधी खांदे, मग चमक्या, मग सगळीच ती. अप्पा देव्हाऱ्याला टेकून हसू लागले. विनुता हसता हसता रडू लागली, आणि सरस्वती मांडीवर थापा मारत होती. पाच टाक ताटाच्या मागे चकाकत होते. आज त्यांना काही कामच उरलं नव्हतं.

"पण कधी बदललं तुमचं मन?" विनुतानं डोळे पुसत विचारलं.

"काल दुपारी मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला आलो होतो तुझ्या हॉस्पिटलात," अप्पा म्हणाले. "खांबामागे उभा होतो. कुणी एक म्हातारा होता, त्याला ऐकू येत नव्हतं, सगळे त्याच्यावर ओरडत होते, ओरडलं की ऐकू येईल अशा थाटात. तू आलीस, आणि हातांनी त्याला काहीतरी विचारलंस, आणि तो हसला. विनुता, चौतीस वर्षांत माझ्या टेबलापाशी येऊन कुणी तसं हसलं नाही. केबिन असती तरी हसलं नसतं."

"मग काल ते कलमदान का पुसत होता?"

"कोर्सला लिहायला लागत नाही का? दुभाष्याला काय पेन वर्ज्य आहे?"

विनुतानं आत्याकडे वळून पाहिलं. आत्या गुडघा चोळत होती.

"न्हाणीघरातून रोज ठक ठक आवाज येतो," ती म्हणाली. "मला वाटलं घूस शिरली. काल बघते तर तू, कोपरं भिंतीवर आपटत आरशापुढे उभी. अंगावर काटाच आला माझ्या. म्हटलं, जी पोरगी एवढ्याशा जागेत एवढं शिकते तिला मोठा आरसा दिला तर काय करील? म्हणून ट्रंक काढली. तिथं आरसा लावायचा, माणसाएवढा. तुला काय वाटलं?"

विनुतानं आत्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं, दुखरा होता तरी.

"पण थांब गे," आत्या एकदम ताठ झाली. "तू हसू दाबत होतीस. आधीपासून. तुला कळलं कसं?"

विनुतानं सरस्वतीकडे बोट केलं.

"हिनं? हिला कुठे सांगता येतं?"

"सगळं सांगते ती. तू दुसऱ्या गल्लीनं गेलीस तेसुद्धा."

बावीस वर्षं वेंकूबाई सरस्वतीकडून फुलं घेत होत्या, बोट दाखवून आणि हाताचं माप कमी आहे म्हणून कुरकुरत. फुलांची माळ तंजावूरात हातानं मोजतात, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि सरस्वतीचा हात आखूड. "म्हणजे मी तिच्याबद्दल जे जे बोलले..."

"ते तुझ्या तोंडावर लिहिलेलं असतं म्हणते ती. म्हणूनच दर शुक्रवारी चार बोटं जास्त देते."

आत्यानं सरस्वतीकडे बघितलं, सरस्वतीनं आत्याकडे. मग आत्यानं विचारलं, फार संकोचून, "ती मला काय म्हणते? माझं नाव काय?"

सरस्वतीला प्रश्न कळला, कुणी दुभाषी न होता. तिनं दोन्ही नाकपुड्यांना बोट लावलं आणि गुडघा धरून वाकडं तोंड केलं. अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

विनुतानं कागद संध्याकाळी पाचला नाही, सकाळी साडेनऊलाच नेऊन दिला. कार्यालयातल्या सतीशकुमारांनी तिसऱ्या चौकोनातली टिक पाहिली, चष्मा वर केला. "हा कोर्स आणखी कुणीच घेतला नाही. पक्कं ना? घरी विचारलंस?"

"विचारलं, सर. गुप्त मतदान झालं. तीनपैकी तीन मतं."

"मग दुभाष्याच्या टेबलासाठी जागा बघायला पाहिजे," सतीशकुमार म्हणाले आणि शिक्का मारला. "काउंटरशेजारी चालेल? खुर्ची मात्र उंच मागव."

संध्याकाळी ती परतली तेव्हा कोपऱ्यावर गर्दी दिसली. वेंकूबाई सरस्वतीच्या टोपलीपाशी चक्क मांडी घालून बसल्या होत्या, नव्या लुगड्यासकट. आत्याला लहानपणापासून सवय होती, कशावरही दोन ओळी रचून गुणगुणायची. गॅस संपला त्यावर होत्या, हिरव्या रंगावर होत्या. आताही ओठ हलत होते, पण या वेळी ती गाता गाता हातही हलवत होती, चुकतमाकत, आणि सरस्वती तिची बोटं धरून नीट करत होती.

शेवंती पिवळी
परडीत दाटली,
लेकीच्या हातांना
वाचा गं फुटली.

"वाचा कशी करायची?" विनुताला पाहताच आत्यानं ओरडून विचारलं. "तेवढं अडलंय. हिला विचारते तर ही नुसती हसते."

विनुता दोघींच्या मध्ये बसली. "मलाही नीट येत नाही, आत्या," ती म्हणाली. "एक तारखेला वर्ग सुरू होतो. शिकून सांगते."

सरस्वतीनं माळेचा एक हात मोजला, आखूड हातानं, आणि वर चार बोटं वाढवली. आत्यानं डोळे मोठे केले, आपला लांब हात पुढे केला, सरस्वतीच्या हाताशी कोपर जुळवून धरला, आणि दोघी मोजत बसल्या, कुणाचा किती, हसत, पुन्हा पुन्हा.